हायड्रेंजिया गोराईत रुसतं का?

डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेच्या कुठल्याही नर्सरीत डोकावलात, तर ते नजरेतून सुटत नाही. नारळाएवढा फुलांचा गेंद, तोही कधी निळा, कधी गुलाबी, कधी दोन्हींच्या मधला जांभळट. आजूबाजूची शेवंती आणि झेंडू त्याच्यापुढे एकदम साधे वाटायला लागतात. पॉकेटमनीला जरा जड जातं, पण घेतलं जातं. नाव हायड्रेंजिया. ग्रिलमध्ये ठेवलं, फोटो काढला, स्टोरी टाकली, ‘कुठून घेतलंस?’ असे दहा मेसेज आले. महिना-दीड महिना मजेत जातो. मग गेंद हिरवट होतो, तपकिरी होतो आणि एक दिवस आई तो कापून टाकते.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. झाड मरत नाही. उलट पावसाळ्यात मस्त वाढतं, हातभर पानं येतात. पुढचा डिसेंबर येतो, फूल नाही. त्याच्या पुढचा येतो, तरीही नाही. घरात वाक्यं ठरलेली असतात. ‘जागा अडवतंय नुसतं’, ‘पानं काय भाजी करून खायची?’ (खायची नाहीत हं, हायड्रेंजियाची पानं विषारी असतात, घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या तोंडापासून लांबच हवी.) आणि सगळ्यात शेवटी, ज्याने हौसेने आणलं त्याने स्वतःलाच दिलेला शेरा : ‘आपल्या हाताला यशच नाही.’

हा शेरा चुकीचा आहे. गोराईत हायड्रेंजिया पुन्हा फुलत नाही, यात तुमच्या हाताचा दोष फार थोडा आहे. दोष असलाच तर तो गोराईच्या रात्रीचा. हे एकदा कळलं, की पुढे काय करायचं ते ठरवणं सोपं जातं.

फूल जूनचं, कळी ऑक्टोबरची

हायड्रेंजिया मूळचं जपानचं. तिथे त्याला ‘अजिसाई’ म्हणतात आणि ते चक्क पावसाळ्याचं फूल आहे. जून महिन्यात जपानमध्ये पावसाळी दिवस सुरू होतात आणि त्याच वेळी हे गेंद उमलतात. कामाकुरा गावातलं मेइगेत्सु-इन हे देऊळ तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. जूनमध्ये तिथे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळी भिंत उभी असते आणि ती बघायला छत्र्या घेतलेल्या माणसांची रांग लागते. म्हणजे आपण ज्या महिन्यात रेनकोट शोधत असतो, त्याच महिन्यात तेही भिजत असतात.

मग आपल्या जूनमध्ये का नाही फुलत? कारण जूनमध्ये उमलणारं फूल जूनमध्ये तयार होत नाही. दिवस लहान व्हायला लागले, हवा गार झाली की शरद ऋतूत फांदीच्या टोकाला कळी धरते. डोळ्यांना दिसतही नाही, इतकी बारीक. तापमान साधारण १८ अंशांच्या खाली सलग काही आठवडे राहिलं, तर ही कळी नीट घडते. मग पानं गळतात. कडक थंडीत झाड झोपतं आणि कळीही झोपते. वसंतात जाग येते, कोंब फुटतो आणि जूनमध्ये फूल. कळी धरण्यापासून फूल उमलेपर्यंत सहा-आठ महिने जातात आणि त्यातले निम्मे थंडीचे असतात.

याचा दुसरा अर्थ असा, की फूल येतं ते गेल्या वर्षीच्या फांदीवर. बागकामाच्या भाषेत ‘जुनं लाकूड’. हिवाळ्यात कुणी ‘आकार देऊया’ म्हणून कात्री चालवली, तर ते पुढच्या वर्षीची सगळी फुलं छाटून मोकळे होतात. जगभरात हायड्रेंजिया न फुलण्याचं हे एक मोठं कारण आहे.

नर्सरीत डिसेंबरमध्ये दिसणारं झाड मग फुललेलं कसं असतं? कारण ते थंडी खाऊन आलेलं असतं. फुलांचा व्यापार करणारे लोक हे झाड थंड हवेच्या ठिकाणी वाढवतात किंवा काही आठवडे शीतगृहात ठेवतात आणि मग उबेत आणून फुलवतात. म्हणजे तुमच्या हातात येतं तेव्हा परीक्षा आधीच झालेली असते. तुम्ही फक्त निकाल घरी आणलेला असतो.

मिनेसोटाचं दुखणं, मिनेसोटाचं औषध

आता इंटरनेटवर शोधलंत, तर एक जादूचा शब्द भेटतो : रिब्लूमिंग. म्हणजे एकदा फुलून न थांबता त्याच मोसमात पुन्हा पुन्हा फुलणारं. हा शब्द खोटा नाही. पण तो कुठून आला, हे माहीत असायला हवं.

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्य आहे. तिथे हिवाळा इतका कडक, की हायड्रेंजियाच्या जुन्या फांद्या टोकापर्यंत गोठून मरतात आणि त्यांच्यावर धरलेल्या कळ्याही मरतात. वसंतात बुंध्यातून नवे कोंब येतात, पण त्यांच्यावर फूल नाही. तिथल्या लोकांचंही तेच रडगाणं होतं : नुसती पानं. १९९८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातले झाडांचे अभ्यासक मायकेल डर मिनेसोटातल्या बेली नर्सरीत फिरत होते. तिथल्या एका झाडाकडे त्यांचं लक्ष गेलं. हे झाड नव्या कोंबांवरही फुलत होतं! जुनी फांदी गेली तरी त्याचं अडत नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या, रोपं वाढवली गेली आणि २००४ मध्ये ही जात ‘एंडलेस समर’ या नावाने बाजारात आली. नाव इतकं गाजलं, की पाठोपाठ अनेक कंपन्यांनी आपापल्या ‘पुन्हा फुलणाऱ्या’ जाती आणल्या.

आता नीट बघा. मिनेसोटात कळी धरते आणि थंडीने मरते. गोराईत कळी मुळात धरतच नाही, कारण थंडी नाही. दोन्हीकडे लक्षण एकच : पानं भरपूर, फूल शून्य. पण आजार उलटा. एकाला थंडी जास्त झाली, दुसऱ्याला पुरली नाही. ‘एंडलेस समर’ हे पहिल्या आजारावरचं औषध आहे. त्या जातीच्या लेबलवर अमेरिकेतले थंडीचे पट्टे लिहिलेले असतात, ४ ते ९. त्याच मोजमापाने मुंबई बसवली तर ती साधारण १२व्या पट्ट्यात जाते, म्हणजे लेबल जिथे संपतं त्याच्याही पुढे.

मग हे औषध आपल्याला अजिबातच लागू नाही का? निम्मं लागू आहे. रिब्लूमिंग जातीला नव्या कोंबावर कळी धरायला तेवढी लांबलचक थंडी लागत नाही, त्यामुळे साध्या जातीपेक्षा तिची इथे शक्यता जास्त. पण उकाडा तिलाही सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये ती फुलण्याचं काम थांबवून फक्त जगण्याचं काम करते. तिच्या नावातला ‘समर’ मिनेसोटाचा आहे, बोरिवलीचा नाही.

समुद्र दोन्हीकडे, रात्र वेगळी

यात एक गंमत आहे. आपण म्हणतो, ‘इथे खारा वारा आहे ना, म्हणून येत नसेल.’ पण हायड्रेंजियाचं रानटी रूप जपानच्या समुद्रकाठचंच. टोकियोच्या दक्षिणेला इझू द्वीपकल्प आणि त्याच्या आसपासची बेटं, तिथल्या किनाऱ्यावर ते आपोआप वाढतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर आणि अमेरिकेच्या केप कॉडवर घरोघरी त्याची कुंपणं आहेत. म्हणजे समुद्राचा वारा त्याला ओळखीचा आहे. गोराईचा समुद्र बघून ते बिचकत नाही.

बिचकतं ते रात्रीला. मुंबई उपनगरात जानेवारीतही दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो आणि रात्रीचं सरासरी किमान तापमान १६-१७च्या घरात. म्हणजे १८ अंशांची रेघ आपण ओलांडतो, पण पहाटेचे काही तासच, आणि तेही थोडे आठवडे. सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२च्या जानेवारीत. तेव्हा हायड्रेंजिया लावायला हवं होतं!

महाबळेश्वर-पाचगणीच्या बागांमध्ये मात्र हेच झाड फारसं कौतुक न करताही फुलतं. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंचीवर. नकाशावर ते गोराईपासून लांब नाही, पण रात्रीच्या हिशेबात दुसरा देश आहे.

गोराईतही सगळीकडे रात्र सारखी नसते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. खाडीच्या अलीकडे गोराई १, गोराई २. ही वस्ती १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून आली. म्हाडाने चारकोपसारखे इथेही लहान लहान भूखंड पाडून दिले आणि लोकांनी त्यावर आपापली घरं बांधली. आज त्यांच्यावर मजले चढलेत. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतं, त्यात शेजारच्या एसीचं आऊटडोअर युनिट. फेरीबोटीने खाडी ओलांडून गोराई गावात गेलं, की वाड्या, झाडं, मोकळं रान. तिथली जमीन रात्री लवकर निवते. आपल्या कोपऱ्यात पारा किती उतरतो, यावर हायड्रेंजियाचं बरंच काही अवलंबून आहे. दोन अंशांचा फरक आपल्याला चादर घ्यायची की नाही एवढाच असतो, कळीला तो धरायचं की नाही एवढा असतो.

मग लावायचं की नाही?

लावायचं असेल तर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले.

पहिला रस्ता : त्याला मुळं असलेला बुके समजा. कापलेला बुके आठवडाभर टिकतो, हे झाड दीड महिना फुलून राहतं. त्या पैशांत तो सौदा वाईट नाही. मोसम संपला की झाड गावाकडच्या, डोंगराकडच्या एखाद्या नातेवाइकाला देऊन टाका. वाईला किंवा भोरला मावशी असेल, तर तिच्या अंगणात त्याची शक्यता तुमच्या ग्रिलपेक्षा जास्त आहे. यात हरण्यासारखं काही नाही.

दुसरा रस्ता : पुन्हा फुलवायचंच, असं ठरवणं. त्यासाठी वर्षाचा हिशेब असा.

नोव्हेंबर-डिसेंबर : विकत घेताना एकच प्रश्न विचारा, ‘हे नव्या फांदीवर फुलतं का?’ बऱ्याच ठिकाणी झाडं जातीच्या नावाने नाही, नुसती ‘निळं’ आणि ‘गुलाबी’ म्हणून विकली जातात. उत्तर मिळालं नाही, तर झाडच बघा. बुंध्यातून नुकत्याच आलेल्या कोवळ्या कोंबाच्या टोकाला बारीक कळ्यांचा पुंजका दिसत असेल, तर ते पुन्हा फुलणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता मोठी. आधीपासून घरात झाड असेल, तर या दोन महिन्यांत त्याला नत्राचं खत देऊ नका, पाणी थोडं हात राखून घाला आणि कात्री कपाटात ठेवा.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी : हेच सोन्याचे दिवस. रात्री कुंडी उघड्या आभाळाखाली ठेवा. गच्ची असेल तर उत्तम. भिंतीला चिकटवून नको, एसीच्या गरम झोतात तर अजिबात नको. प्लास्टिकपेक्षा मातीची कुंडी बरी. तिच्यातून पाणी झिरपतं, वाळतं आणि माती गार राहते, माठासारखंच गणित.

मार्च : नवे कोंब आले, कळी दिसली, तर आता हात सैल सोडा. कंपोस्ट घाला, पाणी वाढवा. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन हवं. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन नको.

एप्रिल-मे : आता फुलांची अपेक्षा करायची नाही, झाड जगवायचं. सावलीत आणा. मातीवर नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरा. दुपारी पानं लुळी पडतील. घाबरून लगेच पाणी ओतू नका, आधी मातीत बोट घालून बघा. माती ओली असूनही उन्हात हायड्रेंजिया मान टाकतं आणि संध्याकाळी आपोआप सावरतं. संध्याकाळीही मान खाली असेल, तरच पाणी. इथे बरीच झाडं तहानेने नाही, मायेने घातलेल्या जास्तीच्या पाण्याने मरतात. आणि बोअरवेलचं पाणी खारट असेल तर ते नकोच. वाऱ्यातलं मीठ याला चालतं, मुळाशी साचलेलं मीठ चालत नाही. पानांच्या कडा करपायला लागल्या, तर तो इशारा समजा.

जून ते सप्टेंबर : जपानचं हे पावसाळी झाड आपल्या पावसात खूश असतं, फक्त पाय बुडालेले त्याला खपत नाहीत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पानांवर तपकिरी ठिपके आले तर ती पानं काढून कचऱ्यात टाका, मातीत पडू देऊ नका. जुलै-ऑगस्ट म्हणजे छाट लावायचे दिवस. फूल न आलेली वीतभर फांदी पानांच्या जोडीच्या खाली कापा, वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. वाळू आणि कोकोपीटच्या ओल्या मिश्रणात खोचा, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. एका झाडाची पाच झाली की चार मित्रांच्या घरी जातात. तो खर्च शून्य.

ऑक्टोबर : छाटणी करायची असेल तर ती याच्या आधी झालेली हवी. त्यानंतर हात लावायचा नाही. आणि रिब्लूमिंग जात असेल, तर प्रत्येक बहरानंतर सुकलेला गेंद पानांच्या पहिल्या धडधाकट जोडीच्या वर कापा. तिथूनच पुढचा कोंब येतो.

कुंडी बारा इंचांची घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग कोकोपीट. कोकोपीट आधी एकदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मिठाचा अंश असतो.

एवढं सगळं करून वर्षाला दोन-तीन गेंद आले, तर गोराईच्या मानाने तो डिस्टिंक्शन समजायचा. पिंटरेस्टवरची निळी भिंत इथे होणार नाही. हे आधीच ठरवलेलं बरं.

तुरटीचा प्रयोग

हायड्रेंजियाचा रंग बदलता येतो, हे तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. हे खरं आहे, आणि बारावीची केमिस्ट्री इथे पहिल्यांदाच कामाला येते. निळ्या आणि गुलाबी गेंदांत रंगद्रव्य एकच असतं. फरक पडतो तो अॅल्युमिनिअमने. माती आम्लधर्मी असेल, म्हणजे पीएच साधारण ५.५च्या खाली, तर मातीतलं अॅल्युमिनिअम विरघळतं, मुळांतून फुलात पोचतं, रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि फूल निळं होतं. पीएच ६.५च्या वर गेला, की अॅल्युमिनिअम मातीत अडकून राहतं आणि फूल गुलाबी. मधे असेल तर जांभळट, नाहीतर एकाच झाडावर दोन रंग. पांढरी जात मात्र बधत नाही, ती पांढरीच राहते.

कोकणातली आणि महाबळेश्वरच्या पठारावरची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी आणि अॅल्युमिनिअमने भरलेली, त्यामुळे तिचा कल निळ्याकडे. घरी प्रयोग करायचा तर महागडं पाकीट नको, किराणा दुकानातली तुरटी पुरते. तुरटीत अॅल्युमिनिअम असतंच. चार लिटर पाण्यात चहाचा एक चमचा पूड विरघळवा आणि ओल्या मातीला महिन्यातून एकदा द्या. कोरड्या मातीला दिली किंवा जास्त दिली, तर मुळं भाजतात. कळी बाहेर पडायच्या आधीपासून द्यायला हवी, उमललेलं फूल रंग बदलत नाही. आणि त्याच कुंडीत हाडांचा चुरा घालू नका, त्यातला फॉस्फरस अॅल्युमिनिअमला धरून ठेवतो.

याच ओघात आणखी एक : ज्याला आपण पाकळ्या म्हणतो, त्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या नाहीतच. ती निदलं आहेत, म्हणजे कळीवरचं बाहेरचं हिरवं आवरण असतं ना, तेच इथे रंगीत आणि मोठं झालेलं. खरी फुलं मधे दडलेली, इवलीशी. म्हणून तर गेंद इतके दिवस टिकतो.

आणि एक सावधगिरी. ऑनलाइन ‘हायड्रेंजिया बिया, सात रंग, १०० नग’ अशी पाकिटं दिसतात, सोबत इंद्रधनुषी फोटो. त्यावर पैसे घालवू नका. हायड्रेंजियाची बी धुळीसारखी बारीक असते. बियांपासून झाड आलंच, तरी त्यात मूळ जातीचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. आणि रंग बीमध्ये नाही, मातीत ठरतो, हे आत्ताच पाहिलं. ही झाडं सगळीकडे छाटापासूनच करतात.

एका नावाची गोष्ट

हे झाड युरोपात गाजवण्यात एका डॉक्टरचा मोठा वाटा. फिलिप फ्रांझ फोन सीबोल्ड नावाचा हा जर्मन डॉक्टर १८२३ मध्ये डचांच्या नोकरीत जपानला गेला. तेव्हा परदेशी माणसाला नागासाकीजवळच्या देजिमा या लहानशा बेटावरच राहावं लागे. तिथे त्याची ताकी नावाच्या जपानी मुलीशी गाठ पडली, १८२७ मध्ये त्यांना मुलगी झाली. पण देशाचे नकाशे बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ मध्ये सीबोल्डला जपान सोडावं लागलं. बायको-मुलगी मागे राहिली. पुढे त्याने जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा एका हायड्रेंजियाला नाव दिलं ‘ओटाक्सा’. अनेक वर्षांनी जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो यांनी ओळखलं, की हे ‘ओ-ताकी-सान’, ताकीचंच नाव! शास्त्राच्या पुस्तकात बायकोचं नाव घुसवलं म्हणून ते नाराजही झाले. मुलगी इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकून जपानच्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक झाली.

सीबोल्डने जपानहून आणलेली झाडं नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये वाढली, फुलली. माणसाला राहू दिलं नाही, पण झाड रमलं, कारण नव्या गावाकडे त्याला हवी ती एक गोष्ट होती : थंडी. परकं गाव, परकी माती, परकं पाणी, सगळं चाललं. एक गोष्ट मात्र जुळावी लागते.

गोराईचे आपले रिब्लूमर

आता उलटा प्रश्न. गोराईच्या रात्रीला कुठलं झाड जुळतं? पुन्हा पुन्हा फुलणारं हवं, गेंदासारखं हवं, कुंडीत हवं.

पहिला मान मोगऱ्याचा. तो नव्या फुटीवरच फुलतो, म्हणजे जन्मजात रिब्लूमर. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडा, मग निम्म्यापर्यंत छाटा, पानं काढा, आठवडाभराने शेणखत घालून पाणी सुरू करा. उन्हाळा लागला की बहर, फुलं खुडत राहिलात की पावसापर्यंत पुन्हा बहर. ही कुणा कंपनीची जात नाही. खाडी ओलांडून थोडं उत्तरेला गेलं, की वसईच्या वाड्यांमध्ये फुलं पिकवणाऱ्या घरांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शहाणपण आहे. पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या टोपल्या त्याच शहाणपणावर भरतात. हायड्रेंजियाला थंडीने जे सुचतं, ते मोगऱ्याला तहानेने सुचतं. मग ती तहान आपण देऊ शकतो, फ्रीजशिवाय.

दुसरं इक्झोरा, म्हणजे आपलं पेंटगूळ, काही ठिकाणी बकोराही म्हणतात. सोसायटीच्या कुंपणाला असतं म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण जवळून बघा. चार पाकळ्यांच्या असंख्य फुलांचा गोल गेंद, लाल, केशरी, गुलाबी, पिवळा. त्यालाही हायड्रेंजियासारखीच आम्लधर्मी लाल माती आवडते. फरक एवढाच, की दक्षिण भारतातलं हे झाड उष्ण हवेतलंच आहे. भरपूर ऊन द्या, सुकलेला गुच्छ कापत राहा, वर्षातला बराच काळ फुलत राहतं.

तिसरा डोम्बेया, अंगण असलेल्यांसाठी. त्याला ‘उष्ण प्रदेशातलं हायड्रेंजिया’ असं टोपणनावच आहे. गुलाबी गेंद खाली लोंबतात, तेही थंडीच्या दिवसांत. पण ते मोठं झुडूप होतं, ग्रिलमध्ये मावणार नाही.

यांचं कौतुक करायचं म्हणजे हायड्रेंजियाला नावं ठेवायची असं नाही. दोन्ही ठेवता येतात. पेंटगूळ वर्षभराची सोबत म्हणून, हायड्रेंजिया एक प्रयोग म्हणून. फक्त कुणाकडून काय अपेक्षा करायची, हे वेगवेगळं ठेवायला हवं. मोगऱ्याला एप्रिलमध्ये जे सहज जमतं, ते हायड्रेंजियाला जमलं नाही म्हणून ते ढ ठरत नाही.

गोराईचं लेबल कोण लिहिणार?

झाडासोबत जे माहितीपत्रक येतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी हवामानासाठी लिहिलेलं असतं. गोराई १, गोराई २, गोराई गाव असे पट्टे त्यात कधीच नसतात. ते कुणीतरी इथल्यानेच लिहायला हवेत, आणि काम अवघड नाही. एक साधा कमाल-किमान तापमापक ग्रिलला टांगा. डिसेंबर ते फेब्रुवारी, रोज सकाळी कॉलेजला निघताना रात्रीचा नीचांक वहीत टिपा. सोबत झाडाचं एक वाक्य : कोंब आला, कळी दिसली, काही नाही. बॉटनी किंवा जिओग्राफी घेतलेले चार-पाच जण वेगवेगळ्या घरांतून, गच्चीवरून, खाडीपलीकडच्या वाडीतून हे करतील, तर तीन महिन्यांत कुठल्याही नर्सरीकडे नसलेली माहिती तुमच्या वहीत असेल : गोराईत १८ अंशांच्या खालच्या रात्री किती, आणि त्या कुठल्या कोपऱ्यात. प्रोजेक्टचा विषयही सुटला.

नव्वद दिवस, नव्वद आकडे. पुढच्या डिसेंबरमध्ये नर्सरीत तो निळा गेंद पुन्हा खुणावेल, तेव्हा तो घ्यायचा की पेंटगुळाची कुंडी उचलायची, याचा निर्णय त्या वहीत बघून घेता येईल.